कावळ्याला दिलेला शब्द

वसुधाकडे शिवणकाम करणाऱ्या शकीलभाईंचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. ‘सर, जरा लवकर या. ताई उठत नाहीयेत,’ एवढंच ते म्हणाले. त्यांच्या आवाजामागे कावळ्यांचा असा कलकलाट चालला होता की मला दोनदा विचारावं लागलं. इंदिरानगरात वसुधाचं घर माझ्या घरामागच्या गल्लीत. मी पोचलो तेव्हा ती तळमजल्यावरच्या तिच्या कामाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलाशी खुर्चीत बसलेली होती; मान किंचित कलती, चष्मा डोळ्यांवर… शेजारच्या डॉक्टरांनी येऊन जे सांगितलं ते आम्हा दोघांना आधीच कळलं होतं. तिचा नवरा मोहन फिरायला गेला होता. फिरताना फोन जवळ बाळगला की हृदयावर ताण येतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मिक्सरच्या भांड्यात भिजवलेले शेंगदाणे तसेच पडले होते, मागची खिडकी बंद होती आणि बाहेर कावळे संतापले होते. शकीलभाईंनी खिडकी उघडली, मूठभर दाणे कट्ट्यावर टाकले आणि म्हणाले, ‘ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी यांचं बघा.’

वसुधा आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो आणि पुढे आयुष्यभर आम्ही एकमेकांचं न ऐकण्याचा सराव केला. ती दूध, दही, तूप, मध काहीच खात नसे; कातडं, रेशीम, लोकर वापरत नसे. याला आता वीगन म्हणतात आणि त्याची वेगळी मेनूकार्डं छापतात. तिने सुरुवात केली तेव्हा नाशकात याला ‘वसुधाचं खूळ’ म्हणत. रोज सकाळी ती त्या खोलीत शेंगदाण्याचं दूध काढी, त्याचा चहा करी आणि उरलेला चोथा मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर कावळ्यांना घाली. तो चहा वाईट असे. माणूस गेलं म्हणून त्याच्या चहात सुधारणा होत नाही, असं माझं मत आहे. ‘कसा झालाय?’ ती विचारी. ‘चोथा मला दे आणि चहा कावळ्यांना घाल,’ मी म्हणे. ‘त्यांना चव कळते रे शरद, त्यांना नाही देणार,’ ती म्हणे. मोहन मात्र या खोलीत फिरकत नसे. तिथे शिवायला ठेवलेल्या जुन्या तंबूच्या कापडाच्या वासाने त्याला शिंका येत.

हे खूळ आलं कुठून, ते तिने मला एकदाच सांगितलं. गवळी काही दिवस फिरकला नाही म्हणून ती स्वतः बरणी घेऊन गावाबाहेरच्या गोठ्यावर गेली होती. तिथे एक गाय वासराला चाटत होती. वासरू हलत नव्हतं. ते आधीच मेलेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं केलं होतं, तिने पान्हा सोडावा म्हणून. ‘ती चाटत होती रे त्याला,’ वसुधा म्हणाली, ‘आणि तो माणूस मला सांगतोय, बघा ताई, काय माया असते.’ रिकामी बरणी घेऊन ती घरी आली. त्या एका वासरात दूधही होतं आणि कातडंही, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी सुटलं. ही गोष्ट ऐकली असती तर चार लोक तरी गप्प बसले असते, पण ती कुणाला सांगत नसे. मी तिच्याशी यावरून भांडलो आहे. ‘जेवताना सांगण्यासारखी नाही,’ ती म्हणायची, ‘आणि लोक मला हे जेवतानाच विचारतात.’

कातडं सुटलं तेव्हा पर्स, पट्टे, चपला सगळंच अडलं. बाजारातलं रेक्झिन वर्षभरात सोलवटून जाई. मग देवळाली कॅम्पच्या बाजारात तिला लष्कराने मोडीत काढलेल्या तंबूंचं कापड सापडलं. उन्हापावसात मुरलेलं, जाड, सुई मोडणारं. ते धुऊन, गच्चीवर वाळवून ती त्याच्या पिशव्या शिवायला लागली, आणि सुया फारच मोडल्या तेव्हा नाशकातल्याच द्वारका चौकात ट्रकच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या शकीलभाईंना गाठलं. ते आपलं मशीन घेऊन आले आणि इथलेच झाले. पुढे वस्तीतल्या दोघी जणी कामाला आल्या आणि त्या खोलीवर तीन घरं चालू लागली. शकीलभाईंनी पूर्वी जवानांसाठी चामड्याचे पट्टे शिवले होते, त्यामुळे त्यांचा हात अधूनमधून तिकडे ओढ घेई. ‘ताई, हँडलला चमड्याची एक पट्टी मारू द्या. बॅग जिंदगीभर चालेल.’ ‘कुणाच्या जिंदगीभर, शकीलभाई? ज्याची पट्टी, त्याच्या?’ ‘तुमच्याशी बोलून फायदा नाही, ताई.’ ‘मग बोलता कशाला? शिवा.’ आणि ते कापडाच्याच चार घड्या घालून हँडल शिवत, जे मी आजवर तुटलेलं पाहिलं नाही. मोहनच्या बहिणीने, कुसुमताईंनी, एकदा डोळे बारीक करून विचारलं, ‘तू एवढी कडक, आणि यांच्या डब्यात खिमा असतो तो चालतो वाटतं?’ वसुधा म्हणाली, ‘वन्सं, मी बॅगा शिवते, माणसं उसवत नाही.’

पिशव्या बऱ्या विकल्या जाऊ लागल्या तशी पुरस्काराची साथ तिच्यापर्यंत येऊन पोचली. उद्योजक महिलांच्या कुठल्याशा मंडळाने तिचा ‘प्राणिमित्र उद्योगिनी’ म्हणून सत्कार केला आणि व्यासपीठावर तिच्या खांद्यावर रेशमी शाल पांघरली. तिने ती तिथेच काढून घडी घातली आणि अध्यक्षीणबाईंच्या हातात दिली. ‘ही नको. नारळ ठेवते, त्याचं दूध निघेल.’ सभागृह हसलं. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. ती गेल्यावर त्याच मंडळाने शोकसभा घेतली. एका वक्त्याने तिच्या जाण्याने पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं, दुसऱ्याने ती पोकळी भरून न येणारी असल्याची खात्री दिली, आणि अध्यक्षीणबाईंनी तिच्या फोटोला शाल घातली. रेशमीच. या वेळी ती परत करायला कोणी नव्हतं. नंतर सगळ्यांना मसाला दूध होतं. मी उठून बाहेर आलो. माझ्याने दुसरं काही झालं नाही आणि याचाच मला अधिक राग आहे.

पण त्याआधी दहावा झाला. रामकुंडावर पिंड मांडले. वसुधाला काय आवडायचं याची यादी कुसुमताईंकडे होती आणि ती तिच्या लग्नाच्या सुमारास तयार झालेली असावी. दहीभात, वर साजूक तुपाची धार, बाजूला बासुंदीची वाटी. ‘आमच्याकडची बासुंदी तिला फार आवडायची हो!’ मी गुरुजींच्या कानाशी लागून विचारलं की हे एवढं लागतंच का? ते म्हणाले, ‘भात आणि काळे तीळ पुरेत. बाकी तुमची हौस.’ हौसेपुढे माझं काही चाललं नाही. आणि कावळा शिवेना. आजूबाजूच्या घरांचे पिंड भराभर आटोपत होते, आमच्याकडे मात्र कावळे लांबून बघत आणि मान फिरवत. मुलगा ओंकार, पुण्याला असतो, हात जोडून म्हणाला, ‘आई, बाबांची काळजी घेईन.’ काही नाही. कुसुमताईंनी दागिन्यांबद्दल एक आश्वासन दिलं. काही नाही. शकीलभाई मागे पायरीवर माझ्याशेजारी उभे होते. मी हळूच म्हणालो, ‘तिचे कावळे तर तिकडे खिडकीत आहेत.’ ‘मग आपण इथे कशाला थांबलोय, सर?’ त्यांनी तितक्याच हळू विचारलं. ऊन चढत होतं. शेवटी मोहन पुढे झाला. मोहन वाईट माणूस नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. त्याचा आवाज फुटत होता. ‘वसू, तुझी खोली चालूच राहील. शकीलभाई, त्या दोघी, कोणी कुठे जाणार नाही…’ आणि एक कावळा उतरला. त्याने सरळ दहीभातात चोच घातली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या, ‘बघा! शेवटी दहीभातच लागला.’

माझा अशा गोष्टींवर कधीही विश्वास नव्हता आणि हे मी कधी लपवलेलं नाही. पलीकडचे पिंड संपले म्हणून कावळा आमच्याकडे आला, यात मला शंका नाही. पण घाटाच्या पायऱ्या चढताना शकीलभाईंनी रुमालाने चेहरा पुसला आणि म्हणाले, ‘चला सर, मशीनला तेल घालायचं राहिलंय,’ तेव्हा मला त्या कावळ्याचे आभार मानावेसे वाटले.

महिनाभराने मोहनने मला सहज सांगितलं की तो पुण्याला ओंकारकडे जातोय आणि खालची खोली केकच्या दुकानाला भाड्याने देतोय. लोण्याचे, सायीचे, अंड्यांचे केक. मी म्हणालो, ‘तू शब्द दिला होतास.’

‘कुणाला?’

‘वसुधाला. रामकुंडावर. सगळ्यांच्या देखत.’

‘अरे, ते कावळ्यासाठी होतं. तसं म्हणावं लागतं.’ मग तो माझ्याकडे नवलाने बघत राहिला. ‘आणि शरद, तू बोलतोयस हे? तूच ना सांगत असतोस, कावळ्याला काय कळतं म्हणून?’

माझीच वाक्यं होती, लग्नकार्यात, पंगतीत, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात म्हटलेली. नाशकात त्या दिवशी कावळ्याला दिलेला शब्द मानणारा बहुधा मी एकटाच उरलो होतो, आणि मलाच ते म्हणायची सोय नव्हती.

गेल्या आठवड्यात मोहन केकवाल्याला खोली दाखवायला घेऊन आला. मी आणि शकीलभाई तिथेच होतो. ते एका पिशवीचं हँडल शिवत होते, मी बघत होतो. केकवाला भिंती मोजत होता. मोहन रुमाल नाकाला लावून, बऱ्याच वर्षांनी, खोलीच्या मध्यभागी उभा होता. तेवढ्यात मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक कावळा येऊन बसला. त्याने मान वाकडी करून आत पाहिलं आणि चोचीने गजावर ठक् ठक् केलं. मग दुसरा आला. मोहन त्यांच्याकडे बघत राहिला. शकीलभाईंनी मशीन थांबवलं.

‘हे… रोज येतात?’ मोहनने विचारलं.

‘रोज,’ शकीलभाई म्हणाले. ‘ताई गेल्यापासून एक दिवस चुकले नाहीत.’ यात खोटं काहीच नव्हतं.

मोहन माझ्याकडे वळला. ‘कशाला येतात रे?’

चोथ्याला येतात, तुझ्या बायकोने लावलेली सवय आहे, हे सांगणं सोपं होतं. आयुष्यभर मी हेच करत आलो आहे. कुणी अंगारा, कौल, कावळा असं काही काढलं की त्यामागचं साधं कारण सांगायचं. मी म्हणालो, ‘मला काय माहीत? शब्द तू दिलास.’

केकवाल्याला मोहनने ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आणि अजून कळवलेलं नाही. पुण्याला जाणंही लांबतंय. हा लेख वाचून त्याला सगळं उमगेल अशी भीती काहींना वाटेल, पण मोहन वर्तमानपत्राची पुरवणी वाचत नाही. त्यांच्या घरात पुरवणीवर भजी निथळत ठेवतात. खोलीत मशीन सुरू आहे. किती दिवस, ते ठाऊक नाही. मी रात्री झोपण्यापूर्वी वाटीभर शेंगदाणे भिजत घालतो आणि सकाळी तिथे जाऊन मिक्सरला लावतो. चोथा कट्ट्यावर जातो. दूध उरतं, ते टाकवत नाही, म्हणून शकीलभाई त्याचा चहा करतात. वाईट असतो. आम्ही दोघं तो पितो आणि मोहनच्या फिरून परतण्याच्या वेळेला, कावळ्यांचा आवाज त्याच्या कानावर पडावा म्हणून, खिडकी पूर्ण उघडी ठेवतो.