दिग्रसच्या भिंतीवर कमलाबाईंचा आवाज

"साउंडच्या मिक्सरमधून थेट वायर मिळेल का?" दिग्रसला जायचं ठरवण्याआधी मी फोनवर एवढंच विचारलं होतं. कार्यक्रम भरवणारे गृहस्थ म्हणाले, "भेटते ना ताई, चिंताच करू नका." आवाजाबरोबर हलणारी चित्रं भिंतीवर पाडणं हा माझा उद्योग. आवाज स्वच्छ मिळाला नाही तर चित्रं नाचत नाहीत, नुसती फडफडतात.

नागपूरहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, सामान असलं तरी परवडतं. कळंबला चहा आणि गरम आलुबोंडा. यवतमाळला गाडी बदलून दारव्ह्यामार्गे दिग्रस, अजून दोनेक तास धरा. प्रोजेक्टर मांडीवरच ठेवा, गचके बसतात.

कार्यक्रम कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात होता. चुना मारलेली लांबलचक भिंत. याहून चांगला पडदा कुठला! पण साउंडवाले भाऊ मिक्सरपुढे आडवे उभे.

"वायर नाही भेटत. माइक लावून घ्या तुमचा."

"फोनवर हो म्हणाले होते."

"ज्यानं म्हटलं त्याले मागा."

माइक लावला. शेजारी माणसाएवढे स्पीकर. ढोलकी, जनरेटर, ओढलेल्या खुर्च्या, सगळ्याचा एकच लगदा माइकमध्ये शिरला आणि भिंतभर पांढरा गोळा थरथरू लागला. तासभर हुज्जत घातल्यावर दोन वायरी मिळाल्या: एक संगीताची, एक गाणाऱ्यांच्या माइकची. दोन्हींत घूंऽऽ. माझ्याकडची आयसोलेशनची डबी मध्ये जोडली तेव्हा घरघर थांबली. ही डबी स्वतःचीच न्या, कुणाच्या भरवशावर राहू नका.

संध्याकाळी तालीम सुरू झाली. जवळच्या तांड्यावरच्या पाच गाणाऱ्या बाया, पुढे साठीच्या कमलाबाई. संगीताची पिवळी रेघ भिंतीवर उसळत होती. आवाजाची निळी रेघ मात्र आडवी पडलेली. मी हेडफोनवर ऐकलं: माइकच्या वायरीत काहीच नाही. स्पीकरमधून तेच गाणं वाजत होतं, पण रेकॉर्डवरचं, दुसऱ्याच कुणाच्या गळ्यातलं.

"भाऊ, यांचे माइक बंद आहेत."

"बंदच असतात. शिट्टी वाजते. पब्लिकले काय समजते?"

माझं डोकंच फिरलं. बायांना रंगीत लुगडी नेसवून उभं करायचं आणि आवाज तेवढा नको! मी कमलाबाईंना जाऊन सांगितलं.

"मंग मागल्या साली बी बंदच होता का? मले वाटलं, स्पीकरमंदी माहा आवाज असाच बारीक होते."

मी प्रोजेक्टर बंद केला. आयोजक धावत आले. "ताई, पाहुणे येऊन राह्यले. वाद कायले?" मी तोंड उघडण्याआधी कमलाबाईच स्टेजवरून उतरल्या. "माइक चालू करा, नाही तं आमी चाललो घरी."

माइक चालू झाले. शिट्टी वाजली, खरी गोष्ट. बायांच्या पायाशी ठेवलेला स्पीकर वळवल्यावर थांबली. दोन मिनिटांचं काम होतं!

कार्यक्रमात निळी रेघ छपरापर्यंत चढली. पाहुणे आले तसा भाऊंनी गाणं चालू असतानाच बायांच्या माइकचा आवाज हळूच खाली ओढला. रेघ शेकडो लोकांसमोर आडवी झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मागे वळून हाक मारली, "अरे, बाईचा आवाज कुठं गेला?" मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. भाऊंना आवाज वर घ्यावाच लागला, तोही सगळ्यांच्या नजरेखाली.

नागपूरला परतल्यावर आयोजकांचा आभाराचा व्हिडिओ आला. भिंतीवर निळी रेघ, कमलाबाईंचे ओठ हलताहेत, आणि वरून चिकटवलंय तेच रेकॉर्डवरचं गाणं. मी माइकच्या वायरीतून घेतलेलं खरं ध्वनिमुद्रण पाठवून लिहिलं, "हे लावा." त्यांनी पाहिलंय, व्हिडिओ तोच आहे.

तेच कमलाबाईंनाही पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. बराच वेळ नुसतं गाणं ऐकू येत होतं, मग त्या म्हणाल्या, "बारीक नाही व माहा आवाज."