डाव्या बैलाचा जोडीदार

वाघ काढून काढून मला वाघांचा वीट आला होता. वाघांच्या जंगलाजवळ, इथं बालाघाटात जन्म गेला, पण खरा वाघ काही मी पाहिला नाही, आणि कागदावर मात्र रोज त्यालाच घेऊन बसायचं. गोल डोकं, बशीएवढे डोळे, गालांवर गुलाबी ठिपके. माझी मुलगी या चित्रांचे स्टिकर, किचेन आणि फ्रिजला चिकटवायचे मॅग्नेट बनवते आणि बैहरच्या रस्त्यावरच्या दुकानांत ठेवते. जंगल पाहायला जाणारे टुरिस्ट ते घेतात. "आई, क्यूट पाहिजे, क्यूट. तुझा वाघ तर गुस्से में दिसून राह्यला," असं ती म्हणायची. गुस्सा माझाच होता, तो कागदावर उतरायचा.

लहानपणी माझ्या हाती कोळसा लागला की घरातली एक भिंत वाचत नसे. लग्नानंतर हात सुटला तो सुटलाच. मुलीनं पुन्हा पेन्सिल दिली तेव्हा वाटलं होतं, तो आनंद परत येईल. कुठलं काय, नुसता कंटाळा. शेवटी मी तिला सांगून टाकलं, "एवढी ऑर्डर काढून देतो. मंग मले सांगू नको. माह्यातलं चित्र संपलं, बाप्पा." बोलून गेले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. पन्नाशीला आलेल्या बाईनं वाघापायी रडावं, म्हणजे हद्द झाली.

डोळे पुसून परत बसले, तर वाघाशेजारी कागदाचा कोपरा रिकामा होता. तिथं हातानं आपसूक बैल काढला. पोळ्याच्या सकाळी बाबा बैल धुऊन आणायचे आणि मला गेरूची वाटी द्यायचे. शिंगं त्यांची, अंग माझं. पेल्याचं तोंड गेरूत बुडवून पाठीवर गोल ठसे उठवायचे. ठसा टेकला की बैलाची कातडी थरथरायची आणि गोल वाकडा व्हायचा. मी चिडायची. बाबा म्हणायचे, "त्याले गुदगुल्या होऊन राह्यल्या वं, हासू दे त्याले." तोच बैल मी काढला, डोळे मिटलेला, अंगभर वाकडे गोल. काढता काढता मलाच हसू फुटलं. किती वर्षांनी फुटलं, देव जाणे.

मुलीनं कागद ओढलाच. "ये तो मस्त है," म्हणाली आणि त्याचा मॅग्नेट करून आणला.

बाबा तेव्हा गावाहून आमच्याकडे आले होते. मी मॅग्नेट त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला.

"हा डावा हाय," ते म्हणाले. "आन् उजवा कुठं गेला?"

मी ओशाळले. जुवाला ज्याची जी बाजू, ती त्याची जन्मभराची. आमच्याकडे बैल म्हटलं की जोडीच. शेतकऱ्याची पोर असून मी एकटाच बैल काढून मोकळी झाले होते.

"उजवा मले आठवत नाई, बाबा."

ट्रॅक्टर आला तेव्हा ती जोडी फुटली होती. एक बैल लालबर्ऱ्याकडच्या गावात विकला गेला, दुसरा खैरलांजीकडच्या. तेव्हापासून बाबांनी बैलांचा विषय काढला नव्हता, पोळ्याला घराबाहेर पडले नव्हते. आम्हीही कधी विचारलं नाही.

"काढ," बाबा म्हणाले. "मी सांगतो."

ते सांगत गेले, मी काढत गेले. कान लोंबते. अंगानं बारीक, पण चालायला लागला की डाव्याला ओढून नेणार. "नाई वं, नाक असं नव्हतं त्याचं. हौ, आता कसा दिसते." मी खोडत होते, पुन्हा काढत होते. बाबा कागदावर वाकले होते आणि थांबत नव्हते. चित्र सोडायचं ठरलं होतं, हे माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

उजव्याचाही मॅग्नेट झाला. मुलगी दोघांना दोन पुड्यांत भरायला लागली, तेव्हा बाबांनी तिचा हात धरला.

"अलग नको टाकू यायले. एकाच पुडीत राहू दे."

"आजोबा, जोडी कोणी नाही घेतली तर?"

"तं घरी राहतीन," बाबा म्हणाले.