सुपडा पेंटरची पाकिटं

किस्से कोणी जमवायला बसत नाही, ते आपोआप साचतात. माझ्याकडे तर ते ग्रामोफोनच्या झिजलेल्या सुयांसारखे साचलेत. कामाचे नाहीत, पण टाकवत नाहीत!

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अमरावतीत काकासाहेबांचं ग्रामोफोनचं दुकान होतं आणि मी तिथला मेस्त्री, तुटलेल्या स्प्रिंगा बदलणारा. रेकॉर्ड तेव्हा खाकी कागदाच्या पाकिटात यायची. पाकिटाला मधोमध वाटीएवढं गोल भोक, आतल्या लेबलावरचं नाव वाचता यावं म्हणून. काकासाहेबांच्या डोक्यात आलं, या कोऱ्या पाकिटांवर चित्रं काढून घेऊ, म्हणजे गिऱ्हाईक चित्राला भुलून रेकॉर्ड घेईल. त्यासाठी त्यांनी हिवरखेडहून सुपडा पेंटरला आणलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरंही तो चित्रासारखी बघून उतरवायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "हे भोक कावून?"

"नाव दिसायले," मी म्हटलं.

त्यानं पाकीट डोळ्यासमोर धरलं आणि भोकातून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "मंग चित्र इथूनच सुरू होईन," म्हणाला.

त्याची अट एकच. रेकॉर्ड आधी दोनदा ऐकवायची. दुपारी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलं की दुकानात गार, ओला वास पसरायचा. सुपडा मशीनच्या पेटीला कपाळ टेकून, डोळे मिटून बसायचा. गाणं संपून सुई नुसती खरखरत राहिली तरी तो उठायचा नाही. त्याच्या घरी मशीन नव्हतं आणि कधी येणारही नव्हतं. खरं सांगायचं तर तो मजुरीसाठी नाही, त्या दुपारींसाठी आमच्याकडे टिकला होता. त्याच्याकडे पाहता पाहता माझ्याही हातातला पाना तसाच राहायचा.

*

पहिली रेकॉर्ड एका प्रेमाच्या गाण्याची होती. सुपडानं पाकीटभर एका माणसाचं तोंड काढलं. वासलेलं! भोक म्हणजे त्याचा जबडा आणि आतलं लाल लेबल म्हणजे घसा.

एका वकीलसाहेबांनी ती रेकॉर्ड नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणली. "अरे, लेकरं भिऊन राह्यले घरात! गानं प्रेमाचं, आन हा मानूस कावून वरडून राह्यला?"

"वरडत नाई साहेब, तो उपाशी हाये," सुपडा शांतपणे म्हणाला. "प्रेमाचं गानं जेवल्यावर कोनी म्हनते का?"

वकीलसाहेबांनी चित्राकडे पाहिलं, मग सुपडाकडे पाहिलं. रेकॉर्ड बगलेत मारून ते निघून गेले.

*

मग तिवशाचे एक भजनी बुवा आले. भजनाच्या पाकिटावर देव काढला होता. मुकुट होता, हार होता, पीतांबर होता आणि चेहऱ्याच्या जागी भोक!

बुवा संतापले. "देवाचं तोंड कुठी गेलं?"

"बुवा, तुमी डोये मिटून भजन म्हनता तवा देवाचं तोंड कसं दिसते? सांगा, तसं काढतो."

बुवांनी तिथंच डोळे मिटले. आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक टांगा गेला, आणखी एक गेला. बुवांचे डोळे मिटलेलेच.

"दिसत नाई," शेवटी ते हळूच म्हणाले. "पन बाजूले बसून असते."

त्यांनी ती रेकॉर्ड घेतली आणि जाताना सुपडाच्या खांद्यावर हात ठेवला.

*

घोटाळा झाला तो अकोल्याच्या लग्नात. तिथल्या एका कापसाच्या दलालांनी मुलीच्या मांडवात वाजवायला मंगलगाणी मागवली होती. सुपडानं नवरी काढली. शालू, मुंडावळ्या, डोक्यावरून ओढलेला पदर. आणि भोक नेमकं पोटावर, आत गोल गरगरीत लेबल!

मांडवात ते पाकीट वरपक्षाच्या हाती लागलं. पुढचं सांगायला नको. लग्न लागलं कसंबसं, पण चौथ्या दिवशी मुलीचे वडील रेल्वेनं अमरावतीला हजर. "पोरीले तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तुमी!"

"तोंड तं मी काढलंच नाई," सुपडा म्हणाला. "पदर हाये."

मी हसू दाबायला मशीनखाली वाकलो. काकासाहेब मात्र हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी सुपडाला बजावलं, "आता एक तक्रार आली तं तुझं काम बंद. आन ऐकनंबी बंद."

काम बंद म्हणाले तेव्हा सुपडा नुसता उभा होता. ऐकणं बंद म्हणाले तेव्हा तो खाली बसला.

*

त्यानंतर सुपडा गुलाब काढू लागला. लावणी असो की आरती, भोकाभोवती गुलाब. ऐकलं की हात भलतंच काढायचा, म्हणून रेकॉर्ड ऐकणंही त्यानं सोडलं. पडद्यांवर पाणी पडायचं, वास सुटायचा, आणि पेटीशेजारची जागा रिकामी राहायची. मला ते बघवत नव्हतं.

दुकानातल्या तसबिरीला रोज हार आणणारी देवकी माळीण एकदा त्या पाकिटांपुढे थांबली. "गुलाब मी रोज तोडतो, भाऊ," ती म्हणाली. "ह्याईले वासच नाई!"

सुपडानं ब्रश धुऊन ठेवला.

*

आता हा शेवटचा.

अकोल्याकडच्या एका गाणाऱ्या बाईची नवी रेकॉर्ड आली. तिचं नाव मी घेणार नाही. झोक्याचं गाणं, नुसतं थट्टेचं, ऐकताना माणूस हसलाच पाहिजे असं. बाई स्वतः दुकानात येणार होती. काकासाहेबांनी खुर्ची मांडली, हार मागवला आणि सुपडाला सांगितलं, "झोका काढ, नाईतं गुलाब. दुसरं काई नाई."

सुपडानं त्या दिवशी मात्र ऐकलं. दोनदा ऐकलं, मग मला म्हणाला, "मेस्त्री, आखीन एक डाव."

बाई आली तेव्हा पाकीट ओलंच होतं आणि काकासाहेबांनीही ते तेव्हाच पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. काळं रान, एक कडुनिंब, फांदीला रिकामा झोका. खाली विहीर, म्हणजे ते भोक. काठावर चिंध्यांच्या दोन बाहुल्या. आणि पाठमोरी एक लहान पोर, हिरवा परकर नेसलेली, वाकून आत पाहणारी.

बाईनं पाकीट मांडीवर घेतलं. भोकाच्या कडेनं तिचं बोट सावकाश फिरलं.

"ही हीर कोन्या गावची?"

"मालूम नाई, बाई. गान्यात होती."

"गान्यात हीर नाई."

"मंग आवाजात असन," सुपडा म्हणाला.

काकासाहेब माफी मागायला पुढे झाले. बाईनं नुसता हात वर करून त्यांना थांबवलं.

"परकर पिवया होता," ती म्हणाली.

सुपडानं पिवळ्या रंगाची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं बोट बुडवलं आणि त्या पोरीचा परकर हळूहळू पिवळा केला. मग रेकॉर्ड बाहेर काढून टेबलावर ठेवली, रिकामं पाकीट पदराखाली धरलं आणि निघून गेली. हार खुर्चीवरच राहिला.

काकासाहेब बराच वेळ दाराकडे पाहत होते. मग त्यांनी स्वतः मशीनला चावी दिली, रेकॉर्ड लावली आणि पेटीशेजारची जागा हातानं झटकली.

"बस, सुपडा," ते म्हणाले.

ते थट्टेचं गाणं आम्ही तिघांनी शेवटपर्यंत ऐकलं. कोणी हसलं नाही.