बुढ्याच्या आवाजात घेतलेली नाव

नाव म्हटलं का तुमच्या डोळ्यापुढं काय येते, मले माहीत हाय. समुद्र, नारळाचं झाड, आन् वल्हं मारता मारता कोणीतरी गाणं म्हणून राह्यलं. पुसून टाका. आमच्या वाशीम जिल्ह्यात समुद्र नाही. खारं पाणी पाह्याचं असंन तर आमच्या मामीच्या हातची भाजी खा. आता तुमाले वाटत असंन, हा पोट्टा कोरड्या वावरात नाव चालवून हसवणार. थेही नाही. यात एक बाई बुडता बुडता राह्यली, एक बुढा आठ दिवस सोताले बह्याड, येडा समजून बसला, आन् दोन्हीचं कारण मी होतो. तुमाले हसू आलं तर हसा. मी तर तवा हासलोच होतो.

मले आवाज काढता येतात. शाळेत सातवीत होतो तवा हेडमास्तरच्या आवाजात खिडकीबाहेरून अख्ख्या वर्गाले सुट्टी देली होती. येस्टीचा कंडक्टर, लग्नातला माईकवाला, गुरं हाकणारा चुलता, सगळे मले पाठ. एकडाव शेजारच्या काकूले तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात पाणी मागतलं. थे तांब्या घेऊन दारापर्यंत आली. पोट्टे भितीमागं लोळू लोळू हासले. काकू तांब्या घेऊन तशीच उभी होती, कितीतरी वेळ.

मी कामाले तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानात बसतो आन् राह्यतो मामाच्या घरी, रिठदकडच्या एका खेड्यात. मामाचा भाजीपाल्याचा मळा हाय. सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, मेथी, वांगे. मळा तलावाच्या पल्याड, घर अल्याड. उन्हाळ्यात पायवाट असते. पावसाळ्यात तलाव फुगला का वाट पाण्याखाली जाते, आन् चिखलातून सगळा तलाव वळसा मारून येईपर्यंत भाजी मान टाकते. मंग मामा आन् मामी ट्रकच्या ट्यूबवर पाट बांधून पाणी ओलांडत. मामीले पोहता येत नाही. तिले नाहणीतल्या बादलीचंही भेव. पाटावर बसली का डोळे मिटून देवाचं नाव घे, आन् मी काठावरून तिच्या आवाजात तेच नाव घेऊ. अल्याडच्या धुणेवाल्या बाया पोट धरत.

त्या साली मामीनं सांगून टाकलं, "मी आता ट्यूबवर बसत नाही. नाव घ्या, नाहीतर दुसरी बायको करा."

मामा म्हणे, "दुसरीलेही नाव लागंनच न."

म्हणून नाव घ्याची ठरली. पण नाव कशी घेतात हे आमच्या गावात एकाच माणसाले माहीत. तलावावर जलम घातलेला, मासे धरणारा बुढा. सगळं गाव त्याईले बाबा म्हणते. गुडघा गेलेला, पण रोज तलावाच्या भितीवर येऊन बसणार, आन् वारा पाहून सांगणार, आज सोडा, आज सोडू नका. लोक ऐकत. मामा विचाराले गेला तवा मी संगंच होतो.

बाबा म्हणे, "बैलाचे दात पाह्यता न तुमी? नावीचे पाहू नका. नावीची छाती पाह्याची. चवडी पाह्यजे, रुंद. भरून, दोघं बसून, तिचा काठ पाण्याच्या वर हातभर राह्यला पाह्यजे. नाक उचललेलं पाह्यजे."

"तलावाले कायच्या लाटा येतात बाबा? समुद्र थोडाच हाय?" मामा म्हणे.

"समुद्राची लाट लांब असते म्हणतात. उचलते आन् खाली ठेवते. तलावाची लाट आखूड, लेका. एक मारते, सावरू देत नाही, दुसरी मारते. पश्चिमेचा वारा सुटला का पाह्य. आन् घ्याच्या आंधी पाण्यात टाकून, त्याच्यात बसून हलवून पाह्य."

मामा पुढं निघून गेला तवा बाबानं मले मागं बोलावून त्यांचा मोबाईल देला. काच फुटली होती. म्हणे, नवी टाकून आण. मी खिशात टाकला.

मंगळवारी मामा, गावातले चार रिकामे मान्सं आन् मी, टेम्पो घेऊन तालुक्याले गेलो. तिथं एक वेल्डिंगवाले चाचा हायेत. कूलरचे डबे, गेट, ट्रॉली, सगळं करतात, आन् तलाववाल्याईसाठी पत्र्याच्या नावा. दुकानापुढं दोन नावा होत्या. एक बुटकी, पोट सुटलेली, बिनरंगाची, काठ मांडीपर्यंत. दुसरी लांब, निमुळती, काठ बसके, आन् निळा चकचकीत रंग.

चाचा खरा माणूस. म्हणे, "देखो भाऊ, पत्रा दोघींचा एकच. निळीवाली मासे धरणाऱ्या पोट्ट्यांसाठी बनवली, अकेला आदमी, शांत पाण्यात. घरवाली को बिठाना है, तो ये मोटी ले जाव."

पण संग आलेल्या चौघाईनं थ्या मोटीले पाह्यलं आन् तोंड वाकडं केलं. एक म्हणे, "हे नाव होय का म्हशीची डोणी?" मंग त्याईनं पारख सुरू केली. पाणी कुठं होतं तिथं? डांबरी रोडवर नाव ठेवली आन् त्याच्यात चढले. निळीत एकामागं एक सात जण बसले, रस्त्यानं जाणारे दोघं पकडून. बुटकीत पाचच. हलवून पाह्यलं, रोडवर कोणती नाव हालते? "एकदम पक्की!" म्हणे. चाचानं कपाळाले हात लावला.

मामा मात्र अडून बसला. मामीचा जीव होता न त्याच्यात. म्हणे, "थांबा, बाबाले एकडाव विचारतो." आन् त्यानं फोन लावला.

मी रोडच्या त्या बाजूले पानठेल्यावर होतो. माह्या खिशात बाबाचा मोबाईल थरथरला. काढून पाह्यलं तं मामाचा नंबर. समोर मामा कानाले फोन लावून उभा, माह्याकडं पाठ करून. आता तुमीच सांगा, माह्यासारख्या माणसानं काय करावं?

घसा खरवडला आन् बाबाच्या आवाजात म्हणलो, "हं. बोल."

मामानं दोन्ही नावा वर्णून सांगतल्या. मी बाबासारखाच खोकलो. म्हणलो, "लांब घे, लांब. चवड्या नावीत म्हशी बसतात. तुही बायको म्हैस होय का?"

"पण बाबा, तुमीच तं चवडी म्हणले होते."

"तवा म्हणलो होतो. आता लांब म्हणतो. बुढ्याले शिकवू नको."

मामानं मान डोलावली. फोनवर मान डोलावणारा माणूस पाह्यला हाय का तुमी? मी पानठेल्याच्या मागं जाऊन हासलो. ठरवलं होतं का च्या पिता पिता सांगून टाकू. पण च्या येईपर्यंत निळी टेम्पोत चढली होती, आन् मले वाटलं, इथं चार जणात सांगण्यापेक्षा गावात चाळीस जणात सांगू. मजा आढीत घातली का पिकते.

तलावाच्या काठावर गाव जमलं होतं. बाबा भितीवरून उतरले, नावीच्या काठावर हात फिरवला.

"हे कोणी घेऊ देल्ली?"

"तुमीच तं बाबा. फोनवर."

"मी?"

"लांब घे म्हणले. चवड्या नावीत म्हशी बसतात म्हणले."

लोक हासले. तोच वखत होता. तोंड उघडायचं आन् आवाज काढून दाखवायचा, बस. मी बाबाच्या तोंडाकडं पाह्यलं. थे काहीतरी आठवून राह्यले होते. डोळे बारीक केले, ओठ हालले, काहीच सापडलं नाही. मंग हळूच म्हणे, "म्हणलो असंन. आजकाल ध्यानात नाही राहत."

मी नाही बोललो. काहून नाही बोललो हे आता कितीही सजवून सांगतलं तरी खोटं होईन. मजा येऊन राह्यली होती, एवढंच खरं. रातच्याले पारावर पोट्ट्याईले करून दाखवलं, "म्हणलो असंन... ध्यानात नाही राहत..." डोळे बारीक करून, ओठ हालवून. दोनदा कराले लावलं मले.

बाबा दुसऱ्या दिवशी मामाले सांगाले आले, ही नाव वाऱ्यात सोडू नको. मामा म्हणे, "बाबा, तुमी एक दिवस एक सांगता, दुसऱ्या दिवशी दुसरं. कोणतं धरू?" बाबा परत गेले. मंग गावानंच त्याईले विचारणं सोडलं. भितीवर बसत, पण वाऱ्याचं बोलले का पोट्टे म्हणत, "बाबा, कालचा वारा सांगून राह्यले का आजचा?" मोबाईल मी काच टाकून मुकाट्यानं सुनेच्या हातात देऊन आलो होतो.

पाच दिवस पाणी शांत होतं. निळी नाव मस्त चालली. मामी डोळे उघडे ठेवून बसाले लागली होती.

मंग केनवडच्या बाजाराचा दिवस आला. मी अल्याडच्या काठावर गाडी घेऊन उभा, भाजी बाजारात न्याले. पल्याड मामा आन् मामी भाजी भरून राह्यले होते. बाबा भितीवर उठून उभे झाले आन् हात हालवून वरडले, "आज नको! वारा फिरला! वळसा मारून ये!"

मामानं पल्याडून वरडून उत्तर देलं, "काल काय जेवले ते तरी आठवते का बाबा?"

मी हासलो. धुणेवाल्या बायाही हासल्या.

नाव मधात आली आन् पश्चिमेकून पाणी काळं होत आलं. बाबानं सांगतलं होतं तसंच झालं. पहिली लाट कुशीत बसली, बसक्या काठावरून पाणी आत. मामा पाणी उपसाले वाकला तेवढ्यात दुसरी. मामी भेवानं उभी झाली. चवड्या नावीत उभी झाली असती तं मामानं शिवी देली असती, एवढंच. निळी मात्र कुशीवर पडली, जशी झोपेत माणूस पालटते.

सांबाराच्या जुड्या पाण्यावर पसरल्या. सगळं हिरवंगार झालं. मामीचं लुगडं एकडाव फुगून वर आलं आन् गेलं. मामा बुड्या मारून राह्यला होता, पण भलत्याच जागी. मले पोहता येत नाही. मी काठावर उभा होतो आन् माह्या तोंडातून कोणाचाच आवाज निघत नव्हता.

काठावर मासे धरणाऱ्याईचा थर्माकोलचा तराफा पडला होता, बाबा त्याच्यावर पालथे पडले आन् हातानं पाणी मारत गेले. गुडघा ओढत. मामीले अंबाड्याले धरून वर काढलं. काठावर आणलं तवा तिचे ओठ निळे होते. बाबानं कुशीवर करून पाठीत थापा मारल्या. लय वेळानं तिनं पाणी ओकलं.

दोन दिवस तापात होती. तिसऱ्या दिवशी उठली आन् थेट बाबाच्या दारात गेली. मागं मामा, मागं मी. बाबा खाटेवर बसले होते.

"वाचवलं तुमी, तुमच्या पाया पडते," मामी म्हणे, "पण बुडवलंही तुमीच! डोकं जागेवर नाही तं माणसानं सल्ले देऊ नाही. मंगळवारी फोनवर ही नाव घे म्हणून काहून सांगतलं?"

बाबा खाली पाहून म्हणे, "चुकलं, पोरी."

त्यांची सून भाकर टाकता टाकता बाहेर आली. हाताले पीठ. "मंगळवारी? मंगळवारी मोबाईल घरी कुठं होता? काच टाकाले ह्याच्यापाशी होता न."

तिनं पिठाचं बोट माह्याकडं केलं.

मामानं माह्याकडं पाह्यलं, मंग मामीकडं. मामीनं माह्या थोबाडीत मारली. एकच, पण तापातून उठलेल्या बाईत एवढा जोर असते हे मले माहीत नव्हतं. "भाचा म्हणून खाऊ घातलं तुले," म्हणे. "डोंबलाचा भाचा! मी मेली असती तं तेराव्याले माह्याच आवाजात रडला असता तू."

मले वाटलं झालं आता. पण बाबा खाटेवरून उठले. मी त्यांचा आवाज इतक्यांदा काढला होता, पण त्यांनी जे केलं ते मले येत नव्हतं. थे हळू बोलले.

"आठ दिवस. आठ दिवस मी सुनेले विचारून राह्यलो, पोरी, मी आज जेवलो का? आंगोळ केली का? तिनं हो म्हटलं तरी इस्वास नाही. मोबाईल तुह्यापाशी देला होता, तरी वाटे, दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बोललो असंन. रातच्याले उठून सोताचं नाव घेऊन पाह्यलं, येते का म्हणून. भितीवर बसून वारा दिसे, तरी वाटे का नसंन, आपल्यालेच दिसत असंन. त्या दिवशी आखरीपर्यंत वरडाले पाह्यजे होतं मी, एकडाव वरडून खाली बसलो. काहून? तुह्यामुळं. अबे, हात तोडला असता तं चाललं असतं, एका हातानं वल्हं मारलं असतं. तू तं माहा भरोसाच काढून नेला, आन् पारावर नाचवला. सुनेनं सांगतलं मले. कसं करतो तू? डोळे बारीक करतो म्हणे. आन् ह्या बाईले पाण्यात टाकलं तू, जिले पोहता येत नाही हे माहीत असून! च्यायला, नावीत दोन मान्सं बसतात तवा थे खेळणं नसते. आता खाली पाह्यतो काहून? वर पाह्य. वर पाह्य म्हणतो न! पाह्यलं का वो याचं तोंड? अजूनही हासूनच राह्यला हा."