उंबऱ्यापुढच्या उलट्या रेघा

शिमगा झाला की आमच्या गल्लीत बायकांच्या हाताला उसंत नसायची. निजामाचं राज्य होतं. आळंदपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आमचं गाव. पाडव्याच्या आत जिचं घर उजळलं नाही, तिला गल्लीत तोंड दाखवायची सोय नसायची. ओढ्याकाठची पांढरी माती टोपल्यांनी यायची. ती भिजवायची, गाळायची आणि चिंध्यांच्या बोळ्यानं भिंतीला फासायची. खाली कावेचा तांबडा पट्टा. वाकळा माळवदावर उन्हात पडायच्या, उतरंडीतलं एकेक गाडगं खाली यायचं, चिंच-राखेनं पितळ घासून बोटांची सालं निघायची. शेजारच्या कानडी बायका ‘उगादी आली’ म्हणत आमच्या चार दिवस आधीच कामाला लागायच्या, की आमच्याकडं धांदल सुरू. घरभर ओल्या मातीचा वास. मला तो फार आवडायचा.

सगळ्यात शेवटी उंबरा. पाडव्याच्या पहाटे उंबऱ्यापुढची हातभर जागा शेणानं सारवायची. तो मान घरच्या सुनेचा, म्हणजे आईचा. माझा त्या कामावर लई डोळा होता. पण मी पडले डावखुरी. आत्या, म्हणजे माझ्या वडलांची, अप्पांची थोरली विधवा बहीण, आमच्याच घरी असायची आणि घरातले सगळे नेमधर्म तिच्या मुठीत होते. जेवताना डावा हात पुढं आला की पळीचा दांडा बसायचा. घास मी उजव्या हातानं घ्यायला शिकले, पण बाकी कामाला हात धावायचा तो डावाच. आणि सारवण तर लपत नाही. बोटांच्या रेघा कमानीसारख्या उमटतात. उजव्या हाताच्या एका अंगाला वळतात, माझ्या बरोबर उलट्या वळायच्या.

“डाव्या हातानं सारवल्याल्या दारात लक्ष्मी पाय ठिवत न्हाई,” आत्या म्हणायची. “तू आपली गोठा सारव जा.”

म्हशीला चालत होतं म्हणे! मी धुसफुसत गोठा सारवायची.

मी नऊ वर्षांची असताना, पाडवा आठ दिवसांवर आला आणि माझ्या धाकट्या भावाच्या अंगात ताप भरला. तीन वर्षांचं पोर ते. तिसऱ्या दिवशी कपाळावर फोड उठले. आत्यानं बघितलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “देवी आल्या.”

भिंतींची पांढरी माती निम्मी लावून झाली होती, निम्मी घमेल्यात भिजत होती. घमेलं तसंच राहिलं. कारण देवी घरात असताना झाडायचं नाही, सारवायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही. कपडे धुवायचे नाहीत, केस विंचरायचे नाहीत, फोडणी घालायची नाही. दारात लिंबाचा डहाळा अडकवायचा आणि गप राहायचं. देवीचा मुक्काम हलला, लेकराला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, की मग घर धुवायचं. त्याआधी कुणी सारवलं तर देवी रागावते आणि लेकरू घेऊनच उठते. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

आणखी एक नेम होता, तो मला सगळ्यात जड गेला. भावाच्या अंगात देवी म्हणून त्याला अरे-तुरे करायचं नाही. लिंबाच्या पाल्यावर तळमळणाऱ्या त्या एवढ्याशा पोराला आई विचारायची, “पाणी घेता का? वारा घालू का तुम्हाला?” तो नुसता बघत राहायचा. आपली आई परक्या बाईसारखी कामून बोलायली, हे त्याला कळत नसणार. आई बोलायची आणि तोंड फिरवून पदर डोळ्याला लावायची.

खरं सांगायचं तर हे सगळं टळलं असतं. त्या हिवाळ्यात तालुक्याहून देवी टोचणारा आला होता. मला आधीच टोचलेलं होतं, दंडावर डाग होता. भावाला मात्र, टोचलं तर देवी कोपेल म्हणून, आत्यानं धान्याच्या रिकाम्या कणगीत दडवलं, वर सूप ठेवलं आणि “लेकरू आजोळी गेलंय” म्हणून त्या माणसाला दारातूनच लावून दिलं. भाऊ कणगीत खुदुखुदु हसत होता. खेळ वाटला त्याला. हे सगळं मला आता कळतं. तेव्हा आम्हाला एकच कळत होतं, सारवायचं नाही.

चार-पाच दिवसांत घराची रया गेली. चुलीपुढं राख, दारात पाचोळा, माश्या घोंगावायच्या. आणि गल्लीतली सगळी दारं लख्ख. पाडव्याच्या आदल्या दिवशी समोरच्या घरची पोर मला म्हणाली, “तुमच्या दारात घाण हाय. उद्या लक्ष्मी तुमच्याकडं यायची न्हाई.” मी तिच्यावर माती फेकली. पण तिचं बोलणं डोक्यात बसलं. आई नेहमी म्हणायची ना, की देव स्वच्छ घरात येतो? मग देवी अशा घाणीत कशी खुश राहील? उंबरा सारवला तर ती हसेल आणि माझ्या भावाला सोडून देईल, असं मला वाटलं. देवाशपथ, असंच वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, तो उंबरा मला एकदा सारवायचाच होता.

पहाटे कोंबडं आरवायच्या आत उठले. आत आई आणि आत्या भावाजवळ बसल्या बसल्या पेंगत होत्या. गोठ्यातून शेण आणलं, रांजणातलं पाणी घेतलं आणि उंबऱ्यापुढची जागा सारवली. डाव्या हातानं. किती सुंदर सारवलं होतं! एकसारख्या कमानी, कुठं गाठ नाही. कडब्याला हात पुसला आणि वाकळंत शिरले. लगेच झोप लागली.

जाग आली ती आत्याच्या किंकाळीनं.

“कोण केलं हे? कोण रांड केली हे? देवी घरात असताना उंबरा सारवला!”

मी दारापाशी गेले. अप्पा भिंतीला धरून उभे. आत्यानं मला बघितलं, दंडाला धरून ओढलं आणि म्हणाली, “ही डावरीच असणार.” मग ती खाली वाकली आणि सारवण न्याहाळायला लागली. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिनं हळूच माझा दंड सोडला.

“रेघा उजव्या हाताच्या हायत,” ती म्हणाली.

आई आतून पुढं आली. तिनं उजवा हात पुढं केला. मनगटापर्यंत शेण होतं.

“मी सारवलं,” आई म्हणाली. “पाडवा हाय म्हणून.”

तिच्या हाताला शेण कुठून आलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. रेघा उजव्या कशा, तेही नाही. घाबरून मीच उजव्या हातानं सारवलं असेल, अशी मी पुढं कितीतरी वर्षं मनाची समजूत घातली. त्या घडीला मला एकच कळलं, मी वाचले. आत्या आईला बोलत होती, तोंडाला येईल ते बोलत होती, आणि मी आईच्या मागं उभी राहून गप होते. एक शब्द निघाला नाही माझ्या तोंडून. नऊ वर्षांची होते म्हणून लोक मला माफ करतील. मी नाही केलं.

भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. दुपारची वेळ होती. तेव्हा मात्र आईनं सगळे नेम झुगारले. त्याला मांडीवर घेऊन ती ओरडली, “आरं, ऊठ की रे! आरं माज्या राजा, ऊठ की!” इतक्या दिवसांनी ‘आरं’ म्हणाली. ऐकायला तो नव्हता.

मग घर धुतलं. राहिलेल्या भिंती त्याच घमेल्यातल्या मातीनं पांढऱ्या झाल्या.

त्या दिवसापासून आईला उंबरा बंद झाला. अप्पांनी तिला कधी मारलं नाही, वाईट शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “इथून पुढं उंबरा अक्का सारवंल.” अक्का म्हणजे आत्या; विधवेचा हात चालला, आईचा नाही. पुढं पंधरा पाडवे आले. दर पाडव्याला आई सगळं घर एकटी काढायची. माळवदापासून गोठ्यापर्यंत एक कोपरा सोडायची नाही. आणि पहाटे उंबरा सारवायला आत्या बसायची, आई मागं पाण्याचा तांब्या धरून उभी. गल्लीत कुणाचं लेकरू आजारी पडलं की त्या घरून तिला हाक यायची नाही. बारशाला मागं बसवायचे. ती मुकाट्यानं बसायची. मी बघायची. लग्न होऊन सासरी गेले तरी पाडवा जवळ आला की तेच डोक्यात घोळायचं. दर वर्षी ठरवायची, यंदा सांगायचं. आणि दर वर्षी शेपूट घालायची.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल आलं. आत्या दोन वर्षांमागं गेली होती, आणि तेव्हापासून पाडव्याला उंबरा कोरडाच राहायचा. गावोगाव लुटालुटीची, जाळपोळीची धास्ती भरली होती. ऐपत होती ती माणसं हद्द ओलांडून सोलापूरकडं निघून चालली होती. अप्पांनीही ठरवलं. सामानाची पहिली गाडी घेऊन ते पुढं गेले, आणि आईला न्यायला मी आले. ऐन पाडव्याची सकाळ. गाडी दारात, बैल जुंपलेले. बघते तर काय, घर आरशासारखं लख्ख. भिंती पांढऱ्या, कावेचा पट्टा ओढलेला.

मी चिडलेच. “आई, सोडून जायचं घर कामून सारवायलीस? कुणासाठी? उद्या इथं कोण राहणार हाय, ठाव तरी हाय का?”

“ऱ्हाईना का कुणी,” आई म्हणाली. “घाण घर सोडून जाऊ व्हय?”

उंबऱ्यापुढची जागा तेवढी कोरडी होती. शेणाचं घमेलं तिनं तयार ठेवलं होतं. मला वाटलं, आता आत्या नाही, अप्पाही नाहीत, बसेल ती सारवायला. पण तिनं घमेलं माझ्याकडं सरकवलं.

“तू सारव. माजे गुडघे वळत न्हाईत.”

मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूनं बसले. उजवा हात शेणात घातला.

“त्येनं नगं,” आई म्हणाली. “डाव्यानं सारव. तवा केलं व्हतंस तसं.”

माझा हात तसाच राहिला. आई उंबऱ्याच्या आत टेकून बसली होती, आणि भाजी निवडताना बोलावं तसं बोलत होती.

“त्या पहाटं मी उठले. दार उघडलं तर वल्या रेघा. उलट्या. ह्या घरात उलटा हात तुज्या एकटीचा. म्हणलं, वन्सं उठल्या तर हिला जित्ती ठिवणार न्हाईत. आत त्यो हाय, त्येचं काय हुईल ते देवीच्या हातात. पर हिला लोक जलमभर भावाला खाल्लीस म्हणतील. मग शेण घेतलं आन् तुज्या रेघांवरून हात फिरवला.”

मी रडायला लागले. “आई, तुला देवीची भीती न्हाई वाटली?”

“वाटली की. लई वाटली.” ती म्हणाली. “तू नकळत सारवलीस. मला तर सगळं ठाव व्हतं. ठाव असून सारवलं. आत लेकरू कण्हत व्हतं आन् मी सारवत व्हते. म्हणून मी कुणाला कदी खोटं बोलले न्हाई, पोरी. मीच सारवलं म्हणलं, ते खरंच व्हतं.”

म्हणजे पंधरा वर्षं ती माझं पाप झाकत नव्हती. तिला ते स्वतःचंच वाटत होतं. मी तिला सांगितलं, शपथा घेऊन सांगितलं, की सारवल्यानं काही होत नाही गं, टोचलं असतं तर तो जगला असता, कणगीत दडवला म्हणून गेला. तिनं ऐकून घेतलं.

“आसंल,” म्हणाली. “तू सारव. बैल ताटकळलेत.”

मी डाव्या हातानं सारवलं. डोळ्यांतलं पाणी शेणात पडत होतं. कमानी सगळ्या उलट्या उमटल्या, पहिल्यासारख्याच. आई वाकून वाकून बघत होती.

“चांगलं सारवतीस की,” ती म्हणाली. “तवाबी चांगलंच सारवलं व्हतंस. पुसताना माजा हात उचलंना.”

गाडीवान हाका मारायला लागला, ऊन चढायच्या आत ओढा ओलांडायचा होता. मी आईच्या बगलेत हात घातला. पण ती उठेना. ओल्या सारवणावर पाय द्यायला ती तयार नव्हती.

“वाळू दे,” ती म्हणाली.

मग ते वाळेपर्यंत आम्ही दोघी उंबऱ्याच्या आत बसून राहिलो.