शिर्डी ते दिल्ली, दोन तास

तो शनिवार आठवला की आजही माझा हात आधी मनगटावरच्या घड्याळाकडे जातो. नोकरीत पळापळ पुष्कळ केली, पण विमानाशी शर्यत लावली ती त्याच दिवशी!

दुपारी बाराला कोल्हारची एक बाई धापा टाकत ठाण्यात आली. तिची सोळा वर्षांची भाची पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून मावशीकडे ठेवलेली.

"साहेब, पोरगी सकाळपासनं न्हाई. तिची मैत्रीन म्हनती, कोन बाई नोकरी लावते म्हनून इमानानं दिल्लीला घेऊन गेली. गावातल्याच जीपनं गेल्या."

असल्या नोकऱ्या मला ठाऊक होत्या. पोरी पुढे लग्नाच्या नावाखाली विकल्या जातात. दिल्लीच्या गर्दीत ती एकदा शिरली की शोधायची कुठे? ठाणे अंमलदाराला अपहरणाचा गुन्हा दाखल करायला सांगितलं आणि साडेबाराला जीपवाला समोर उभा केला.

"पुन्याला सोडलं साहेब. पहाटं पाचला निघालो, साडेआठला एअरपोर्टवर. हा काय, आत्ताच आलो माघारी."

म्हणजे पोरगी एव्हाना दिल्लीत उतरलीसुद्धा. मावशी मटकन खाली बसली. मला संताप आला, पण गडी फारच घडाघडा बोलत होता. मी बाहेर जाऊन त्याची जीप पाहिली. पुढे लिंबू-मिरची लटकत होती, मिरच्या हिरव्यागार.

"ताजी दिसते रे."

"शनिवार चुकवत न्हाई साहेब!" गडी खुलला. "फाट्यावरच्या आजीकडनंच घेतो. दुसऱ्याची चालत न्हाई आपल्याला."

आमचे हवालदार त्याच फाट्यावरचे. ते म्हणाले, "साहेब, आजी नवाच्या आत येत नाही आणि अकराला टोपली उचलते."

"मग तू पाचला गेलास, बाराला आलास, तर घेतलीस कधी?"

त्याचं तोंड खर्रकन उतरलं. "शिर्डीला सोडलं साहेब. त्या बाईनं पुनं सांगायला लावलं."

शिर्डीचा विमानतळ आमच्यापासून तासाभरावर. चौकशी केली, तर दिल्लीचं विमान अकराला उडालेलं. दिल्ली हजार किलोमीटरच्या वर. रस्त्याने रात्रंदिवस गाडी हाकावी लागते, विमानाला दोन तास पुरतात. घड्याळात पाऊण वाजला होता. पोरगी अजून आभाळात होती!

दिल्ली विमानतळ पोलिसांचा फोन दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. मावशी रडत वर्णन सांगत होती, मी ओरडत हिंदीत सांगत होतो: हिरवा ड्रेस, लाल ओढणी, मनगटावर गोंदण. एक वाजला. एक दहा झाले. ठाण्यात कुणी चहाला हात लावेना.

फोन वाजला. "मिल गई, साहब! औरत भी पकड़ी गई."

मी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप लवंडला. आनंदाने माझेच डोळे भरले, लपवत नाही.

खोटं बोलणारा रस्ता, वेळ सगळं घोकून येतो. पण शनिवारची सवय लपवायची त्याच्या ध्यानातच येत नाही. तेव्हापासून मी माणसाला आधी रोजचं काहीतरी विचारू लागलो.

फोन मावशीकडे दिला. पलीकडून बारीक आवाज आला, "मावशे, मी लई लांब आले का गं?"

मावशीने डोळे पुसले. "न्हाई गं बाई. दोन तासांवर तर हायेस."