तीन दिवसांची हजेरी

माझं शिक्षण सातवीपर्यंत. कोर्टात कसं बोलायचं ते ठाऊक नव्हतं. आमचे वकील म्हणाले, खरं सांग, बाकी मी बघतो.

जातीबाहेर लग्न केलं म्हणून भाऊ मला शोधत मराठवाड्यातून थेट कुरुळीत, आमच्या भाड्याच्या खोलीवर आला. सोबत दोघं. घरमालकिणीला म्हणाला, "तिला न्यायला आलोय. नाही आली तर इथंच संपवून जातो." त्या माउलीनं आम्हाला मागच्या दारानं काढलं. तीन दिवस नवरा आणि मी माण गावात नवऱ्याच्या मित्राच्या खोलीत दार लावून बसलो. मग पोलीस संरक्षण मिळावं म्हणून कोर्टात अर्ज केला. त्यात हे सगळं लिहिलं होतं.

एक गोष्ट तेवढी नव्हती. मी कंपनीत कॉन्ट्रॅक्टरकडून कामाला; त्याच्याकडे तीन दिवस खाडा झाला की नाव कटतं. म्हणून शेजारच्या खोलीतली ताई, माझ्याच लाइनवरची, ते तीन दिवस माझंही कार्ड पंच करत होती. बायकांनी माझं काम आपसांत वाटून घेतलं. माल पुरा निघत होता, त्यामुळं सुपरवायझर गप्प. ताई विधवा, पदरात दोन मुली. तिचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. कार्डाचं मी वकिलांनाही बोलले नाही. हजेरीचा कोर्टाशी काय संबंध, असं वाटलं.

सरकारी वकिलांनी कंपनीतून हजेरी मागवली होती. कागद वर धरून ते म्हणाले, "बाई लपून बसल्या होत्या म्हणतात. इथं तर तिन्ही दिवस फर्स्ट शिफ्ट पूर्ण. जिवाची भीती असलेला माणूस असा वेळेवर कामाला जातो?"

मागं कुणीतरी हसलं.

जजसाहेबांनी दोनदा विचारलं, काही सांगायचंय का. आवाज मऊ होता. खरं बोलले असते तर ताईचं काम त्याच दिवशी गेलं असतं.

"नाही, साहेब."

घरमालकिणीला साक्षीला कुणी बोलावलंच नाही. निकालात आलं, अर्जदाराचं म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही. अर्ज फेटाळला.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ताईनं विचारलं, "काय झालं गं? दिले का पोलीस?"

"दिले. साध्या कपड्यात असतात, दिसायचे नाहीत."

तिनं लगेच मान डोलावली.

"बघ," म्हणाली, "खरं बोललीस, ऐकलं की नाही?"